बर्फाचं तुला काय सांगायचं

कामोठे
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय भामाआत्या,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र जगनच्या मासळीच्या टेम्पोतून येईल.

बाबांना ऑगस्टमध्ये डोळ्यात पहिलं इंजेक्शन दिलं हे तुला माहीत आहे. तू विचारलं होतंस, डोळ्यात सुई म्हणजे काय गो? आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात, पापण्यांना चिमटा लावतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत औषध सोडतात. मला तिथे थांबू देत नाहीत. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "दुखलं नाय. कोणी अंगठ्यानं दाबल्यावानी वाटलं." मधुमेहानं डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज येते, तिथे पाणी साचतं. हे औषध ती सूज उतरवतं. डावा डोळा आपण उशिरा दाखवला म्हणून गेला. आता आहे तो उजवाच.

आणि आत्या, गुण आला! आठवड्याभरात ताटातली भाताची शितं त्यांना वेगवेगळी दिसायला लागली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अशी आणखी दोन-तीन घेऊ, दर महिन्याला एक. सूज उतरून तशीच राहिली, तर मग इंजेक्शनं लांब लांब अंतरानं देता येतील. म्हणजे बाबा करंज्याला येऊन राहू शकतील, फक्त सुईपुरते पनवेलला येतील. हे ऐकल्यापासून ते रोज मला विचारतात, "उतरली का गो सूज?" जशी काही मला बाहेरून दिसते.

औषध बंदराच्या कामगार दवाखान्यातून बाबांच्या कार्डावर महिन्याला एक मिळतं. पहिलं मी स्वतः उरणला जाऊन आणलं. पण आता मी शिकवते त्या क्लासमध्ये सहामाहीची तयारी आहे, मला बुधवारची आठवड्याची सुट्टी मिळत नाही. तू आणशील का? जगनकडे दे, तो दारापर्यंत आणून देतो म्हणाला आहे. थंड राहायला हवं, एवढीच काळजी. पण बर्फाचं तुला काय सांगायचं!

तुझी,
चारुता


करंजा
ता. २६ सप्टेंबर

चारूस भामाआत्याचे आशीर्वाद.

औषध काल आणलं. नर्सबाई मला कायतरी सांगत होती, मला अर्धं ऐकू आलं, अर्धं नाय. मी म्हटलं, बाई, थंड ठेवायचं ना, आमचा जन्म त्यातच गेलाय. रात्रभर माज्या पेटीत ठेवलं आणि सकाळी जगनच्या हातात दिलं. सोबत बोंबील हायत, तुज्या बापाला तळून दे. तुजा बाप काटा काढायला घाबरत असंल तर बोंबलाला काटा कसला.

तुज्या बापाची, विनूची खोली मी सारवून, चुना मारून ठेवलीय. खाट खाडीच्या बाजूला लावलीय. सुजेला सांग, लवकर उतर म्हणावं.

भामा


कामोठे
१४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

दुसरं इंजेक्शन २८ तारखेला झालं. आता दोन आठवडे होऊन गेले. पहिल्या वेळेसारखं काही झालं नाही. उलट परवा बाबा म्हणाले, दाराची चौकट मधे वाकलेली दिसते. मी चौकटीच्या वहीतलं पान त्यांच्यासमोर धरलं, मॅडमनी शिकवलंय तसं. मधल्या रेषा त्यांना नागमोडी दिसतात आणि मधोमध डाग.

मी सगळं पाळते. थेंब घालायच्या आधी हात धुते, उशीचा अभ्रा रोज बदलते, डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून त्यांना डोक्यावरून आंघोळ करू दिली नाही. मग चुकतं कुठे? मला वाटतं ते गोड खातात. खालच्या दुकानदाराला मी विचारलंसुद्धा. बाबांना ते कळलं आणि दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोलीस झालीस तर पगार तरी मिळंल."

आणखी एक सांगते, पण हसू नकोस. मी क्लासला गेले होते तेव्हा ते पाय मोकळे करायला खाली उतरले आणि परत येताना शेजारच्या इमारतीत शिरले. सगळ्या इमारती सारख्या, जिनेही सारखे. तिसऱ्या मजल्यावर त्या घराचं दार उघडंच होतं. हे आत जाऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चारू, पाणी दे." त्या बाईंनी बिचाऱ्यांनी पाणी दिलं आणि मग विचारलं, तुम्ही कोण? त्या दिवसापासून ते खाली उतरत नाहीत. मी बाहेरून कुलूप लावून जाते. त्यांनीच सांगितलं तसं. जगन आला तर म्हणून किल्ली शेजारी ठेवते.

औषध या महिन्याअखेरीसही तूच आणशील ना?

तुझी,
चारुता


करंजा
ता. ३१ ऑक्टोबर

चारूस आशीर्वाद.

मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. ज्यानं अंधारात होडी करंज्याला लावली, तो जिना चुकला. तुमच्या त्या इमारतींचीच चूक हाय. माणसानं घर ओळखायचं कशावरून?

औषध पाठवतेय. दिवाळीचा फराळ पाठवत नाय, नायतर तू जगनला पण पोलिसात देशील. अगो, बापावर एवढी नजर ठेवू नको. गोड खायचं असतं तर त्यानं मला सांगितलं असतं, मी चोरून पाठवलं असतं.

तुज्या डॉक्टरणीला जरा विचार, सुई बरोबर ठिकाणी मारते काय. पहिल्या वेळी लागलं ते आता का लागत नाय? ह्या खेपेला मी औषधाला जास्त बर्फ लावलाय.

विनूला म्हणावं, खाट वाट बघतेय.

भामा


कामोठे
२४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

काल स्कॅन झाला. सूज उतरलेली नाही, वाढली आहे. मॅडमनी पडद्यावर चित्र दाखवलं. सरळ पट्टीसारखा पडदा असायला हवा, तिथे मधे फुगा आहे. म्हणाल्या, "काही डोळे पहिल्या इंजेक्शनला दाद देतात आणि नंतर देत नाहीत. एक अजून देऊन बघू. नाहीच झालं तर दुसरं औषध, किंवा मग थांबायचं." मी विचारलं, थांबायचं म्हणजे? त्यांनी फाइल मिटली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आत्या, त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा घरी येताना रिक्षात एकच बोलले. "म्हणजे करंजा नाय."

आता ते दिवसभर खिडकीत बसतात. समोरच्या इमारतीची वाळत घातलेली कापडं हलतात तेवढी त्यांना कळतात. मी क्लासला जाते, येते, थेंब घालते, पुढच्या तारखेची वाट बघते. कधीकधी वाटतं, आम्ही दोघं त्या डोळ्याच्याच आत राहतो आणि बाहेर यायला दार नाही.

मी एकेक गोष्ट तपासते आहे. थेंब बदलून बघितले. साखर रोज मोजते, ती ठीक आहे, म्हणजे मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला. त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कसली, एक लाडू दे." आता राहिलं औषधच. तू ते दवाखान्यातून घेतल्यापासून जगनच्या हातात देईपर्यंत नेमकं काय करतेस, सगळं लिही. तुझ्यावर संशय नाही, आत्या. मी स्वतःलाही असंच विचारते आहे.

तुझी,
चारुता


करंजा
ता. २८ नोव्हेंबर

चारूस आशीर्वाद.

संशय कसला, विचार की. उलट कोणी विचारलंच नाय अजून, एवढी मेहनत करते मी.

ऐक. नर्सबाई निळ्या गोळ्यांच्या पिशवीत घालून देते. त्या गोळ्या म्हणजे काय बर्फ काय गो? तासाभरात कोमट होतील. मी घरी येऊन ती पिशवी काढून टाकते. औषधाचा खोका प्लास्टिकात दोन वेळा गुंडाळते, पाणी जायला नको. मग माज्या पापलेटाच्या पेटीत खाली बर्फाचा थर, मधे खोका, वर बर्फाचा थर. आणि बर्फात दोन मुठी खडेमीठ. मिठानं थंडी अशी धरते की माशाला हात लावला तर हात चिकटतो. मुंबईच्या बाजारात आमच्या आजीचं पापलेट दगडासारखं पोचायचं, ते ह्या मिठामुळं. रात्रभर तसंच राहतं. सकाळी जगनला देते तवा त्याच्या पण डब्यात तोच बर्फ, तेच मीठ. विनू घरी खोका काढून फ्रिजच्या दारात ठेवतो ना? त्याला मी तसं सांगून ठेवलंय.

माज्या पोटच्या पोराला एवढं जपलं नसतं. ते तू डॉक्टरणीला सांग.

भामा


कामोठे
१ डिसेंबर

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. तू किती सविस्तर लिहिलंस.

यापुढे औषध मी आणेन. दवाखान्यात आता नवीन नियम झाला आहे, घरातल्याच माणसानं घ्यायला हवं म्हणतात. मी बुधवारी रजा टाकली आहे. तू त्रास घेऊ नकोस. वयही झालं आता, उन्हातून जायचं कशाला.

बाबा बरे आहेत. बोंबील संपले.

तुझी,
चारुता


करंजा
ता. ३ डिसेंबर

चारूस,

मी काल दवाखान्यात गेले होते. नर्सबाईला मोठ्यानं विचारलं, नवा नियम झाला काय? ती म्हणाली, कसला नियम?

म्हणजे तू खोटं लिहिलंस. तू! शाळेत असताना एक पेन्सिल चुकून घरी आणलीस म्हणून रात्रभर रडलेली पोर.

मला कळलंय काय झालं. तुमच्या फ्लॅटात आता मासळीच्या पेटीचा वास चालत नाय. डॉक्टरणीसमोर औषधाला म्हावऱ्याचा वास आला असंल, तुला लाज वाटली असंल. तसं लिहायचं होतंस. भामा सातवी शिकलीय, तिला वाचता येतं.

औषध मी कालच घेतलं. ह्या खेपेला पेटी नवी आणली, कोरी, वास घेऊन बघ. बर्फ आणि मीठ दुप्पट. एवढं तरी माज्या भावासाठी करू दे. पुढच्या महिन्यापासून तुजं तू बघ.

भामा


कामोठे
मंगळवार, ३ डिसेंबर, संध्याकाळ

आत्या,

वासाचं नाही. देवाशपथ, वासाचं नाही. बाबा अजूनही बोंबलाच्या तेलाचा हात धोतराला पुसतात आणि मी काही बोलत नाही.

जगन डबा घेऊन आला तेव्हा मी घरीच होते. बाबांच्या आधी मी तो उघडला. खोका बर्फाला चिकटला होता. आतली बाटली बोटाच्या पेरापेक्षाही लहान, उजेडात धरली. आतलं औषध पांढरं झालं होतं. गोठलं होतं.

आत्या, खोक्यावर लिहिलेलं असतं: थंड ठेवा, गोठवू नका. ते मी पहिल्या दिवशीच वाचलं होतं. पण आतापर्यंत बाबा खोका फ्रिजच्या दारात ठेवायचे आणि मी दुपारी क्लासवरून येऊन बघायची तोपर्यंत ते पुन्हा पाण्यासारखं झालेलं असायचं. थंड आणि स्वच्छ. मला कळलंच नाही. तुझं मिठाचं पत्र वाचलं तेव्हा कळलं.

तुला वाटेल मीठ घातलं तर काय झालं. मासा गोठला तर टिकतो. हे औषध गोठलं की आतून मोडतं, पुन्हा वितळलं तरी पहिल्यासारखं होत नाही. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी फाइल पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "डोळा दाद देत नाही असं मी म्हटलं होतं, ते मागे घेते. पण सगळं औषधामुळेच झालं, असंही आता कोणी सांगू शकणार नाही." हे मी तुला जसंच्या तसं लिहिते आहे. तुझं मन राखायला मी ते वाक्य बनवलेलं नाही.

आता खोटं का लिहिलं ते. तुझी पत्रं मी बाबांना वाचून दाखवते, हे तुला माहीत आहे. ते मिठाचं पत्रही मोठ्यानं वाचत होते. मी मधेच थांबले. बाबा म्हणाले, "का थांबलीस?" मला लपवता आलं नाही, सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "आई गेली तवा मी रांगत होतो. बायनं, तुज्या आत्यानं, माज्यासाठी शाळा सोडली, मला कडेवर घेऊन मासळी विकली. तिच्या हातून माजा डोळा गेला, हे तिला कळलं तर ती जगंल काय? तिला सांगायचं नाय. माजी शपथ हाय तुला."

म्हणून मी नियमाचं बनवलं. मला वाटलं, औषध आणायचं तेवढं तुझ्याकडून काढून घेतलं की झालं, कोणाला दुखवायला नको. त्या खोट्यामुळे तू रागावून दोन दिवस आधी गेलीस आणि हा महिनाही गेला. दुसरी बाटली जानेवारीशिवाय मिळत नाही आणि बाजारात घ्यायची ती आपल्या आवाक्यातली नाही. खरं लिहिलं असतं तर या महिन्यात बाबांना इंजेक्शन मिळालं असतं.

आत्या, तुझं एकटीचं काही नाही. थंड राहायला हवं, बर्फाचं तुला काय सांगायचं, असं मीच लिहिलं होतं. किती थंड, ते लिहायला हवं होतं. बर्फात आयुष्य काढलेल्या माणसाला थंड म्हटलं तर ती दुसरं काय करणार?

मी बाबांची शपथ मोडली आहे. त्यांना हे सांगू नकोस.

चारू


कामोठे
५ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र नाही, म्हावरं नाही. जगनला रोज विचारते, तो म्हणतो, "आत्या बाजारात बसत नाय आजकाल." तू जेवतेस ना?

बाबा विचारतात, बायचं पत्र का नाही. मी सांगते, तिच्या हाताला लागलंय. आणखी एक खोटं. आता मला ते पटपट सुचतं.

बुधवारी मी औषध आणेन. एक ओळ तरी लिही. शिव्या लिही.

चारू


कामोठे
२६ जानेवारी

प्रिय आत्या,

इंजेक्शन अकराला दिलं, काल स्कॅन झाला. सूज उतरते आहे. औषध लागतंय, आत्या. पण सूज इतके दिवस राहिल्यामुळे पडद्याचा मधला भाग कोमेजला आहे. मॅडम म्हणाल्या, कडेचं दिसेल, चालता-फिरता येईल, पण जिथे थेट नजर जाते तिथलं परत येणं कठीण. आहे ते टिकवायचं असेल तर इंजेक्शन दर महिन्याला, खंड न पाडता. किती महिने? त्यांनी सांगितलं नाही, मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

बाबांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाले, "बायला सांग, खाट भिंतीला उभी करून ठेव. वाळवी लागंल."

तू मला काही लिहिलं नाहीस तरी चालेल. त्यांच्यासाठी लिही. ते खोटं हाताचं दुखणं आता किती दिवस चालवू?

चारू


करंजा
ता. ३० जानेवारी

चारू,

हाताला काय झालं नव्हतं. लिहायला बसले की डोळ्यासमोर ती पेटी यायची.

तुजं पत्र मी दहा वेळा वाचलं. पहिल्यांदा तुजा जाम राग आला. मग डॉक्टरणीचा. मग मिठाचा. पेटी मी खाडीत टाकली, नवी पण आणि जुनी पण. शेजारणी म्हणाल्या, भामा खुळी झाली.

काल दवाखान्यात गेले. नर्सबाईला म्हटलं, मला ऐकू कमी येतं, माज्या कानात ओरड, पण सगळं सांग. तिनं निळ्या गोळ्या कशा ठेवायच्या ते दाखवलं, औषध त्यांना चिकटू द्यायचं नाय, मधे कापड. मी तिच्याकडून चार वेळा करून घेतलं. पाचव्या वेळी ती म्हणाली, आत्या, आता तुमी मला शिकवाल.

पुढच्या बुधवारी औषध मीच घेऊन येते. बसनं, मांडीवर ठेवून. बर्फ नाय, मीठ नाय, पेटी नाय. तुला रजा टाकायची गरज नाय. तू नको म्हणशील तर तुजं बरोबर हाय. पण नको म्हणू नको.

विनूला माज्या येण्याचं सांग. बाकी कायपण सांगू नको. त्यानं शपथ घातलीय, तर मला काय कळलेलं नाय, असंच राहू दे.

भामा


कामोठे
२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

ये. दवाखान्यात कळवलं आहे.

एक आधीच लिहून ठेवते, म्हणजे दारात तुला वाईट वाटायला नको. पिशवी मी तुझ्यासमोर उघडेन, बाटली उजेडात धरून बघेन. या वेळीच नाही, दर वेळी बघेन. तू रागावशील तरी बघेन. मी आणलेली असेल तेव्हा तू बघ.

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. 'हाताला काय झालं नव्हतं' हे सोडलं, पेटी सोडली, शपथ सोडली. मग उरलं एवढंच, बुधवारी येते. ते म्हणाले, "एवढंच? पत्र तर जाड वाटलं हाताला." मी म्हटलं, आत्याचं अक्षर मोठं आहे.

तुझी,
चारू


करंजा
ता. ६ फेब्रुवारी

चारूस आशीर्वाद.

घरी नीट पोचले. तू बाटली उजेडात धरलीस, तवा मी पण मान वर करून बघत होते. औषध पाण्यासारखं दिसलं तवा खाली बसले. तू मला पाणी दिलंस, मी उन्हाचं निमित्त सांगितलं.

हे पत्र त्याला वाचून दाखवू नको.

तू आत चहा करत होतीस. त्याला माज्याशी मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणजे तुला पण ऐकू गेलं असंल. तो म्हणाला, "बाय, तुज्या हातचं औषध लागतं बघ. चारू आणते ते एवढं लागत नाय." मुद्दाम म्हणाला. मला समजत नाय काय? लहानपणी पडला तरी लागलं नाय म्हणायचा, तोच आवाज.

मी त्याच्या समोर बसले होते, एवढ्या जवळ की आमचे गुडघे लागत होते. तो माज्या तोंडाकडं बघून हसत होता. मी रडत होते, चारू. पदर लावला नाय, हूं की चूं केलं नाय, नुसतं पाणी जात होतं. आणि तो हसत राहिला. त्याला माजं तोंड दिसत नव्हतं. कान दिसला असंल, भिंत दिसली असंल, तोंड नाय.

मी म्हटलं, "हो रे विनू, लागणारच."

भामा


कामोठे
९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

काल इंजेक्शन झालं. दुखलं नाही म्हणाले. मी विचारायच्या आधीच म्हणाले.

आज सकाळी त्यांना माझ्या उशीखाली तुझ्या पत्राचा कागद हाताला लागला. मी तिथे ठेवायला नको होता. "वाच," म्हणाले. मी वाचलं. तू नीट पोचलीस, बसला जागा मिळाली, खाडीला म्हावरं बरं आहे, पुढच्या महिन्याच्या बुधवारी येशील. यातलं पहिलं तेवढं तू लिहिलं होतंस. वाचताना मी कागद डोळ्यासमोर धरला होता आणि ओळीवरून बोट फिरवत होते, जशी काही ते बघणार होते.

त्यांनी ऐकलं. मग विचारलं, "चारू, खरं सांग. बायला कळलंय काय गो?"

आत्या, त्यांना कधी खोटं सांगायचं नाही, हे मला तूच शिकवलंस. आई गेल्यावर, तुझ्या मांडीवर बसवून.

मी म्हटलं, "नाही, बाबा."

"माजी शपथ?"

"तुमची शपथ."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडाच्या जागी त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. मग म्हणाले, "बरं झालं. मला ह्याचीच भीती होती." आणि थेंब घालायला मान मागे केली.

तुझी,
चारू